छप्पर आलं, गाडी यायची आहे

भाताच्या कुकरनं आपली ती बारीकशी धून वाजवली आणि दुपारची शांतता मोडली. चिहारू दचकली. तिच्या मांडीवर कापडाचे तीन तुकडे होते, काळा, तपकिरी आणि डाळिंबी. मुलीला सांगून आलेली स्थळं न्याहाळावीत तशी ती मघापासून त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत बसली होती. भात भर दुपारी का झाला याचं उत्तर तिला ठाऊक होतं. सकाळी बटण दाबताना डोळ्यांपुढे गाडी होती, त्यामुळे बोट भलतीकडेच पडलं. आता तो बिचारा भात संध्याकाळपर्यंत ऊब धरून पिवळा पडत बसणार होता.

गाडी जुन्या गाड्या विकणाऱ्या नेझू-सानांच्या आवारात उभी होती. निळसर करड्या रंगाची, बुटकी, दोनच माणसांची, आणि छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी. पहिल्या मालकानं तिला एकुलत्या लेकीसारखं वाढवलं होतं. कापडी छप्पर तेवढं मागच्या काचेपाशी उसवलं होतं. "छप्पर नवं चढवून देतो," नेझू-सान म्हणाले होते. "कोणतं ते मात्र तुम्ही ठरवा. गाडी कुणीही निवडतं. छप्पर निवडायला धीर लागतो."

धीर होता. वेळ नव्हता. रित्सु एप्रिलमध्ये मोठ्या शाळेत जाणार होती आणि त्याच महिन्यात चिहारू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पुन्हा पूर्ण वेळ रुजू होणार होती. म्हणजे बालवाडी सुटल्यावर लेकीला शेजारी बसवून, डोक्यावर नुसतं आकाश घेऊन, पूल ओलांडत बेटाबेटांनी भटकायला उरलेला हा एकच शरद ऋतू. आणि आमच्या या कुरे बंदरात शरद ऋतू हा काही मुक्कामाला येणारा पाहुणा नाही. वादळं संपली की डोकावतो आणि थंडी दिसली की चपला शोधायला लागतो.

पैसे चिहारूनं स्वतः साठवलेले होते, म्हणून घरात त्यावर कुणी ब्र काढला नाही. सल्ले मात्र काढले.

तिचा नवरा मोरिहिरो जहाजांच्या गोदीत गंज तपासायच्या कामावर होता. जगातली प्रत्येक वस्तू, त्याच्या मते, गंजायच्या वाटेवर असते. काही पोहोचलेल्या असतात, काही निघालेल्या. छत्री विकत घ्यायलासुद्धा हा माणूस छत्री घेऊन जाईल.

"कापड?" तो म्हणाला. "कापडाची छत्री असते, चिहारू. गाडी नसते."

"तीन पदरी आहे. आत अस्तर आहे."

"मांजराच्या नखांना पदर मोजता येत नाहीत. कडक छप्पर घे. वेगळं मिळतं. थंडीत वर बसवायचं, हवा चांगली झाली की काढून ठेवायचं."

"ठेवायचं कुठे?"

मोरिहिरोनं चहाचा घोट घेतला. हा प्रश्न पुढे त्या घरात इतक्यांदा विचारला गेला की भिंतींनाही पाठ झाला असेल. पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच आला होता, आणि पहिल्यांदा येणाऱ्या प्रश्नाला आपल्याकडे कुणी बसायला पाट देत नाही.

"नेझू-सान म्हणतात," चिहारूनं विषय बदलला, "मानेवर गरम हवा सोडणारी सीटही बसवून मिळते. थंडीतही छप्पर उघडं ठेवता येतं."

"म्हणजे छप्पर काढून थंडी आत घ्यायची आणि मग तिला गरम करत बसायचं. त्यापेक्षा घरी कोतात्सूच्या गरम मेजाखाली पाय घालून बस आणि खिडकी उघड."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या प्रमुख कुवाबारा बाई सूचनांची फिरती पाटी घेऊन आल्या. ही पाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. पाटी दारातही देता येते. बाईंनी ती आत येऊन दिली, कारण कापडाचे तुकडे दारातून दिसत होते.

"डाळिंबी नको, रित्सुच्या आई," त्या म्हणाल्या. "डाळिंबी लांबून दिसतो. आपल्या गल्लीत लांबून दिसणारं काही नसतं."

"मग काळा?"

"काळा म्हणजे अंत्ययात्रेच्या गाडीसारखा. आणि आपल्या गल्लीत वयस्कर मंडळी फार. उगाच कुणाच्या मनात यायचं."

"तपकिरी?"

"तपकिरी चालेल. तपकिरी म्हणजे काही घेतलंच नाही असं वाटतं."

अशा रीतीनं तपकिरी कापड ठरलं. नवऱ्याचं मन राखायला मागणीच्या कागदावर कडक छपरापुढेही खूण झाली. मानेवरची गरम हवा चिहारूनं कुणाला न विचारता घेतली. संसारात एखादी गोष्ट अशी असावी.

*

नेझू-सानांचा फोन त्याच आठवड्यात आला. एका गिऱ्हाइकाचं कडक छप्पर अगदी त्याच रंगात मिळालं होतं. मात्र आवारात ठेवायला तसूभर जागा नव्हती, तेव्हा ते आजच पोहोचवतो म्हणाले.

"आणि गाडी?"

"गाडी कापड चढवायला गेली आहे. शिवाय तुमचा जागेचा दाखला यायचा आहे ना? तो आला की गाडी तुमची. तेवढं महिनाअखेरीच्या आत बघा, ओकुमुरा-सान. एक दंतवैद्य रोज येऊन तिच्याकडे बघून जातात. मी त्यांना थोपवून धरलंय, पण ते हसतात तेव्हा मला भीती वाटते."

आपल्याकडे गाडी घ्यायची तर आधी ती उभी करायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. जागा नाही तर गाडी नाही. छपराला मात्र कसलाही दाखला लागत नाही. ते त्याच दुपारी ट्रकमधून आलं. आधी कळस, मग पाया.

दारातून ते आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. नेझू-सानांनी जोडे काढून, पुन्हा घालून, पुन्हा काढून पाहिलं. शेवटी बागेच्या बाजूची सरकती दारं पूर्ण काढली आणि छप्पर चटयांच्या खोलीत शिरलं. तिथे त्याच्यासाठी पाहुण्यांची गादी घालावी लागली, कारण नुसत्या चटईवर ठेवलं तर वळ उमटतो. वर पांघरूणही घातलं, कारण मोरिहिरो म्हणाला की उन्हानं रबर सुकतं. संध्याकाळी दिवा मंद केला तेव्हा खोलीत कुणीतरी आजारी माणूस झोपल्यासारखं वाटत होतं. चिहारू येता-जाता पावलं हळू टाकायला लागली.

रित्सुला ते फार आवडलं. ती त्याच्याखाली शिरून चित्रं काढायची, तिथेच बिस्किटं खायची, आणि आई हाक मारायला लागली की आतून मागच्या काचेला नाक लावून बघायची. काचेवर नाकाचा ठसा उमटायचा. मोरिहिरो तो रोज संध्याकाळी पुसायचा आणि पुसता पुसता कडेला गंज आहे का बघायचा. नसायचा. त्याचा चेहरा थोडा पडायचा.

मग एक दिवस बालवाडीच्या बाईंनी चिहारूला फाटकापाशी थांबवलं आणि आवाज खाली आणला. "रित्सुची आई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. का?"

"रित्सु सांगत होती, तुमचं छप्पर खाली आलंय. आणि गादीवर झोपलंय."

"ते दुसरं छप्पर आहे, बाई. म्हणजे आमचं आहे, पण घराचं नव्हे. गाडीचं."

"हो का. मग गाडीला लागलं का फार?"

"नाही, गाडी यायची आहे."

बाईंनी मान हलवली. बालवाडीत शिकवणाऱ्या माणसांची अशी एक मान हलवण्याची पद्धत असते, तिच्यात समजूत असते आणि विश्वास नसतो. जाताना त्यांनी बालवाडीच्या साठ्यातली निळी ताडपत्री चिहारूच्या हातात दिली. "लाजू नका," म्हणाल्या. "गरज संपली की परत करा." ती ताडपत्री परत करायला कोणतं निमित्त काढावं हे चिहारूला कितीतरी दिवस सुचलं नाही.

*

स्वतःच्या दाराशी जागा होती, पण तिथे घरची डबा गाडी उभी असायची, जिच्यातून तांदूळ, सासूबाई आणि पावसाळी बूट या सर्वांची ने-आण होई. म्हणून चिहारूनं समोरच्या तोकुनागा आजोबांना विचारलं. आजोबांनी वसंतात आपला गाडी चालवायचा परवाना परत केला होता. त्यांच्या वयाचे पुष्कळजण करतात. पोलीस नमस्कार करतात, मुलं फोनवर सुटकेचा श्वास सोडतात. तेव्हापासून आजोबांच्या दारची जागा रिकामी होती. तिथे त्यांनी कुंडी ठेवली नव्हती, की सायकलही. रोज सकाळी मात्र ती झाडत.

"वापरा की," ते म्हणाले. "जागेला सवय आहे गाडीची. छप्पर उघडतं म्हणता?"

"हो, आजोबा."

"मग मला वरच्या खिडकीतून आतपर्यंत दिसेल. बरं आहे. टीव्हीवर हल्ली काही नसतं."

ते आत गेले आणि अंगात कोट चढवून, हातात शिक्क्याची थैली घेऊन बाहेर आले. संमतीच्या कागदावर त्यांनी शिक्का इतक्या मनापासून दाबला की नावाऐवजी लाल डाग उमटला, आणि चिहारूला नवा कागद आणावा लागला. दुसऱ्यावर तो इतका हळू दाबला की काहीच उमटलं नाही. तिसऱ्यावर साधला तेव्हा दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. अर्ज पोलीस ठाण्यात गेला. आता जागा बघायला माणूस येईल, मापं घेईल, दाखला देईल. एवढंच राहिलं होतं. असं एवढंच जेव्हा राहतं, तेव्हा माणसानं घराबाहेर पडू नये आणि घरातलीही कोणती वस्तू घराबाहेर काढू नये.

मोरिहिरोनं काढली. रविवारी सकाळी त्यानं छपराखालची चटई चाचपली आणि तो म्हणाला, "दमट लागतेय. जरा वाऱ्यावर ठेवू." दोघांनी मिळून छप्पर उचललं, बागेतून बाहेर आणलं आणि कुंपणाला टेकवून ठेवलं. बाहेरच्या अंगाला, कारण ऊन तिकडे होतं. संध्याकाळी आत घेताना मोरिहिरोची पाठ धरली, तेव्हा त्याला मलम चोळण्यात रात्र गेली आणि छप्पर बाहेरच राहिलं. आणि त्या कुंपणाला लागूनच गल्लीची कचरा ठेवायची जागा.

सोमवारी चिहारू रित्सुला सोडून आली तेव्हा कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. सगळ्या पिशव्या उचललेल्या. छप्पर जागेवर. त्याच्या मधोमध पिवळी चिठ्ठी: "हे नेता येत नाही. ठेवणाऱ्याने परत घ्यावे."

ज्यांना त्या पिवळ्या चिठ्ठीचा अर्थ ठाऊक नाही ते सुखी लोक. चिहारू ही दुधाचे रिकामे खोके धुऊन, कापून, वाळवून, दोरीनं बांधून ठेवणारी बाई. बाटलीची टोपणं वेगळी, बाटलीवरचं वेष्टण वेगळं. लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या फुलांच्या देठांनाही तिनं आपापल्या दिवशी आपापल्या पिशवीत निरोप दिला होता. आणि आज तिच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा अक्षरांत, ती चिठ्ठी. ती नखानं काढू गेली तर अर्धी निघाली. उरलेल्या अर्ध्यावर तेवढं "परत घ्यावे" राहिलं, आणि ते आणखीच वाईट दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी फिरती पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं: "काही घरांकडून वाहनांचे मोठे भाग कचऱ्याच्या जागी ठेवले जात असल्याचे आढळते. आपण सर्वांनी मिळून काळजी घेऊ या." काही घरं. मोठे भाग. जणू गल्लीत रोज कुणी ना कुणी गाडी सोलून दारात टाकत होतं. चिहारूनं ते वाचलं, आपल्या निंदेवर आपल्याच हातानं शिक्का मारला, आणि नियमाप्रमाणे ती पुढच्या घरी पोहोचती केली. पुढच्या घरच्या बाईंनी ती घेताना पाटीकडे पाहिलंच नाही. त्यांना पाठ असावी.

संध्याकाळी ती मेपलच्या पानासारख्या केकांचा डबा घेऊन कुवाबारा बाईंकडे गेली आणि उंबऱ्यातच वाकून उभी राहिली.

"अहो, हे कशाला?" बाई डबा घेत म्हणाल्या. "ते तुमच्याबद्दल नव्हतंच."

"मग कुणाबद्दल होतं?"

"सर्वसाधारण."

*

मोरिहिरोला ते सर्वसाधारण फार लागलं. छप्पर पुन्हा चटयांच्या खोलीत नेता येईना, कारण त्याच सकाळी त्याची आई डोळे तपासून घ्यायला म्हणून आली होती आणि ती त्या खोलीत झोपायची. "मला काही अडचण नाही," ती म्हणाली, "पण ते ज्या गादीवर झोपतं ती माझी आहे." मग दुसऱ्या सकाळी मोरिहिरोनं कामावर जायच्या आधी तोकुनागा आजोबांची परवानगी घेतली, आणि नवरा-बायकोनं छप्पर उचलून समोरच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. खाली बालवाडीची ताडपत्री अंथरली. तिचा एकदाचा उपयोग झाला.

"बघ," तो तळहात झटकत म्हणाला. "गाडीचं छप्पर गाडीच्याच जागेत. ह्याला कोण काय म्हणणार?"

म्हणणारा माणूस दुपारी ठाण्यातून आला. पांढरे हातमोजे घातलेला, अत्यंत सभ्य. त्यानं माप घेतलं, फोटो काढला, कुणालाही त्रास न देता निघून गेला.

चिहारूला ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा ती रित्सुलाही घेऊन गेली. खिडकीमागचा अधिकारी तरुण होता, आणि आपल्यापुढे काहीतरी अवघड येऊन बसलं आहे हे त्याला कळलेलं दिसत होतं.

"ओकुमुरा-सान, जागा मोकळी नाही."

"मोकळी आहे."

त्यानं फोटो तिच्याकडे फिरवला. "इथे एक वाहन आहे."

"ते वाहन नाही. छप्पर आहे."

"कशाचं?"

"वाहनाचं."

"कोणत्या?"

"ज्याच्यासाठी अर्ज केलाय, त्याच."

त्यानं फोटो पुन्हा स्वतःकडे फिरवला. "म्हणजे वाहन तुम्ही आणलंय? दाखल्याच्या आधीच?"

"नाही हो. फक्त वरचा भाग."

"काका, ते आमचं आहे," रित्सु टाचा उंचावून म्हणाली. "आधी ते आमच्याकडे झोपायचं. आता आजी झोपते."

अधिकारी उठला आणि मागच्या टेबलावरच्या वयस्कर साहेबांकडे गेला. दोघांनी फोटो पाहिला. एक जाड पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. छप्पर हे वाहन आहे की अडथळा, यावर बराच वेळ हलक्या आवाजात चर्चा झाली. शेवटी साहेब स्वतः खिडकीशी आले.

"बाई, हे वाहन मानलं तर जागेत आधीच एक वाहन आहे, दुसऱ्याला दाखला देता येत नाही. अडथळा मानला तर जागेत अडथळा आहे, दाखला देता येत नाही. आम्ही दोन्ही बाजूंनी प्रयत्न केला." त्यांनी खरोखरच खेदानं मान झुकवली. "जागा मोकळी करून पुन्हा अर्ज करा."

अशा रीतीनं गाडीला तिच्याच छपरानं अडवलं.

घरी आल्यावर नेझू-सानांना फोन केला. "पुन्हा अर्ज?" ते म्हणाले. "महिना संपत आला, ओकुमुरा-सान. दंतवैद्य काल गाडीत बसून गेले. सीट स्वतःच्या मापानं पुढे सरकवून गेले."

ते सीटचं चिहारूला जिव्हारी लागलं. तिनं नगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याच्या खात्याला फोन केला. वाहनांचे भाग आम्ही घेत नाही, विक्रेत्याला विचारा. विक्रेते नेझू-सान, त्यांच्याकडे जागा नाही. सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्या पाहिल्या; त्यांची दारं घराच्या दारापेक्षा अरुंद. मोरिहिरोनं गोदीत विचारलं. तिथे जागा प्रचंड होती, पण जहाजाचा नसलेला कोणताही भाग आत आणता येत नाही असा नियम निघाला, आणि तो मोरिहिरोनंच सुचवलेला होता.

दुपारी ती समोरच्या जागेत येऊन उभी राहिली. आजोबा छपराच्या भोवतीनं झाडत होते, एखादा झोपलेला कुत्रा उठू नये अशा बेतानं.

"आजोबा, जाऊ दे," ती म्हणाली. "दंतवैद्यांना घेऊ दे गाडी. त्यांच्याकडे मोठं गॅरेज असेल. छप्पर ठेवायला, त्याला गादी घालायला."

"आणि तुम्ही?"

"आमची डबा गाडी आहेच की. रित्सुला काय, खिडकी उघडली तरी चालतं." एवढं बोलून ती खाली बसली आणि उरलेली अर्धी पिवळी चिठ्ठी खरवडायला लागली.

आजोबा केरसुणीवर हात ठेवून उभे राहिले. "माझी गाडी गेली तेव्हा सगळे बरं झालं म्हणाले," ते म्हणाले. "मीही म्हणालो. सारखं म्हणत राहिलं की खरं वाटायला लागतं. पण तुम्ही अजून लहान आहात असं म्हणायला."

तेवढ्यात कुवाबारा बाई आल्या. त्या सहज आलेल्या नव्हत्या. सहज येणाऱ्या बाईच्या हातात पाटी नसते. घरी केकांचा डबा अर्धा संपला होता आणि प्रत्येक केक खाताना त्यांना ते "सर्वसाधारण" आठवत होतं, असं त्यांनी पुढे कधीतरी कबूल केलं. त्या दिवशी त्यांनी फक्त छपराकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्याच्याखाली वारा खेळतो का?"

"हो. का?"

"पर्सिमनची फळं सुकवायचीत. वरून पावसाचं टोपण, बाजूनं वारा, असं काही मिळत नाही बाजारात. एक आठवडा माझ्याकडे असू दे. मग पुढच्या घरी. पाटी फिरते तसं फिरवू. तुमच्यावर पाळी येईल तेव्हा तुमची सासू गेलेली असेल." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, गावी."

ते पाटीवर लिहिलं गेलं: "छप्पर पाळी." आणि आपल्या गल्लीचं असं आहे की मदत मागितली तर लोक अवघडतात, पण पाळी लावून दिली की त्यांना आपला नंबर कधी येतो याची चुटपूट लागते. कुवाबारा बाईंनी छपराखाली पर्सिमनच्या माळा लावल्या. पुढच्या घरात त्याच्याखाली मांजर व्याली आणि ते घर छप्पर पुढे द्यायला तयार होईना. पाटीवर पुन्हा एक सर्वसाधारण सूचना फिरवावी लागली. प्रत्येक घर ते पुढे देताना धुऊन पुसून द्यायचं, आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून आत संत्र्यांची एक पिशवी ठेवायचं. पिवळ्या चिठ्ठीचा उरलेला अर्धा भाग कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोरिहिरो प्रत्येक घरी जाऊन गंज तपासायचा. लोक त्याला चहा द्यायचे.

पर्सिमनच्या माळा टांगल्या त्याच दिवशी नवा अर्ज गेला होता. हातमोजेवाला माणूस पुन्हा आला तेव्हा ती जागा अशी झाडलेली होती की पाऊल टाकायला त्यालाच संकोच वाटला. एका बाजूला तोकुनागा आजोबा टाय लावून उभे, दुसऱ्या बाजूला कुवाबारा बाई, मागे चिहारू. त्यानं माप घेतलं. कुणी श्वास सोडला नाही. त्यानं फोटो काढायला यंत्र वर केलं, तेव्हा आजोबा चटकन बाजूला झाले, आपणच अडथळा ठरू नये म्हणून.

दाखला महिना संपता संपता आला. दंतवैद्यांनी दुसरीकडे पांढऱ्या रंगाची गाडी घेतली. नेझू-सान म्हणाले, दातांसारखी.

*

गाडी आली तेव्हा तपकिरी छपराकडे बघून कुवाबारा बाई समाधानानं म्हणाल्या, "बघा, काही घेतलंच नाही असं वाटतं." मग चिहारूनं कडी सोडली, छप्पर मागे लोटलं, ते घडीवर घडी पडून सीटांमागे निजलं, आणि आतल्या दोन लालसर सीटा भर उन्हात उघड्या पडल्या. बाई वाकून बघू लागल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "आतून डाळिंबीच आहे की हो."

मोरिहिरोनं दोघींना टोप्या दिल्या, छत्री दिली, पाण्याच्या बाटल्या दिल्या, मग दुसरी छत्री दिली. वरच्या खिडकीत आजोबा उशी घेऊन बसले होते. त्यांनी हात केला.

उघड्या गाडीबद्दल जे कुणी सांगत नाही ते चिहारूला पहिल्या लाल दिव्यापाशी कळलं. शेजारी बस येऊन थांबली, आणि बसमधल्या सगळ्या लोकांनी आधी तिच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे ते पाहिलं, मग तिनं केस कधी विंचरले असतील याचा अंदाज घेतला. एका आजीनं खिडकी सरकवून विचारलं, "पोरीला थंडी नाही का वाजत?" चिहारू म्हणाली, मानेवर गरम हवा येते. "मग आमच्या बसपेक्षा बरं," आजी म्हणाली, आणि बस निघून गेली. पुढच्या दिव्यापाशी सायकलवरच्या एका गृहस्थानं जवळचा रस्ता सांगितला, तिनं विचारला नसताना.

मग घरं विरळ झाली, बोगदा आला, त्यात रित्सुनं दोन्ही कान दाबून धरले, आणि बोगद्यापलीकडे एकदम पूल आणि खाली समुद्र. वारा चहूबाजूंनी आला. बेटाच्या उतारावर संत्री पिकली होती, तो आंबट वास गाडीत आला आणि गाडीतून निघून गेला. चिहारूची टोपी मागच्या मागे उडाली. तिनं गाडी थांबवली नाही. तिला हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

रित्सु बराच वेळ वर बघत होती. तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं, काहीतरी घशाशी येऊन अडल्यासारखं. चिहारूला वाटलं, गाडी लागली असावी. तिनं वेग कमी केला.

"काय गं? मळमळतंय?"

रित्सुनं नाही म्हणून मान हलवली. मग अगदी हळू, कानात सांगावं तसं, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तिनं विचारलं, "आई, आमच्या बाई म्हणतात, आत असलं की हळू बोलायचं आणि बाहेर असलं की ओरडलं तरी चालतं. आत्ता आपण आत आहोत की बाहेर?"